पोचलात की फोन करा

सुट्टीच्या दिवशी प्रफुल्ल बाईकवरून हॉस्पिटलांना रक्त पोचवायचा, सेवा म्हणून. आज विठ्ठलवाडीच्या हॉस्पिटलच्या गेटवर मेघनाने त्याच्याकडून पिशवी घेतली. आत तिच्या आईचं ऑपरेशन चालू होतं. दुसरी पिशवी ठाण्याहून दुसरा स्वयंसेवक आणत होता.

"सावकाश जा दादा. पोचलात की फोन करा," वळता वळता ती सवयीने बोलून गेली.

प्रफुल्लने टिटवाळ्यापर्यंत गाडी खरंच सावकाश चालवली. घरासमोर उतरल्या उतरल्या त्याने फोन लावला.

"ताई, पोचलो."

"पोचलात? थांबा तिथेच, दुसरी पिशवी घ्यायला मी धावत खाली येते."

फोन कट झाला.

प्रफुल्ल तिथेच थांबला. समोर दाराला कुलूप होतं, सकाळी त्यानेच लावलेलं.