ओली काडी

नुसतं ऐक गं! मनकर्णाच्या काडीमोडाला पंचांना वाळकी काडीच घावंना, म्हणून शेवग्याची ओली फांदी मोडून नवरा-बायकोला एकेक तुकडा दिला. आपला तुकडा मुठीत धरून ती माहेरी आली. मोरीपाशी तो चिखलात खोचला आन् विसरली. त्याला पाला फुटला, तशी ती सांडपाणी घालाय लागली, शेजारी घेवडा लावला. यंदा दुष्काळात सारं कर्जत रेशनची तांबडी मिलो ज्वारी खातंय, हिच्या ताटात परसातल्या शेंगांचं कालवण. परवा नवरा दारात! तिनं ताट वाढलं. तो बोटं चाटत म्हणाला, “लई गोड शेंगा! कुठल्या गं?” “आपल्या काडीमोडाच्या.” घास थांबला त्याचा. “झालं गेलं सोड. चल घरी.” उठून तिनं झाडाची फांदी मोडली, त्याच्या हातात दिली. “लावा तिकडं. मोरीचं पाणी पुरतं.” तू काय केलं असतंस?