न दिसलेली फुली

डॉक्टर ऋचाचा हात संगीताच्या पोटावर एकाच जागी थांबला, तो हलेचना. नजर सोनोग्राफीच्या पडद्यावर. शेजारी स्टुलावर बसलेल्या सासूने, गंगीने, दहा मिनिटं कळ काढली. मग तिचा धीर सुटला.

"पोरगी हाय ना, बाई? सांगून टाका."

"ते सांगणं गुन्हा आहे, आजी. मी बाळाचं हृदय बघतेय. त्यात दोष आहे. पुढच्याच आठवड्यात नागपूरला दाखवा. बाळंतपणही तिथेच करावं लागेल."

झालं! गंगी ताडकन उठली. "समजलं मले. पोरगी हाय म्हणून पाडायले धाडून राह्यल्या. आमच्या तांड्यात पोरगी कोणाले जड नाही! चाळीस लेकरांच्या नाळा कापल्या या हातानं, याचीबी मीच कापीन. ऊठ संगीता."

संगीता उठू लागली. ही बाई एकदा तांड्याकडे जाणाऱ्या दारव्ह्याच्या जीपमध्ये बसली की परत यायची नाही. तिने पडदा गर्रकन गंगीकडे फिरवला.

"पाडायचं नाही हो, वाचवायचंय! हृदयातून निघणाऱ्या या दोन नळ्या बघा. चांगल्या हृदयात एकीवरून दुसरी जाते, फुली दिसते. इथे फुलीच नाही. विहिरीचं पाणी विहिरीत फिरतंय, वावराचं वावरात; फुप्फुसातलं चांगलं रक्त अंगाला पोचतच नाही. आत्ता नाळेतून आईकडून सगळं मिळतंय, म्हणून बाळ मजेत आहे. नाळ कापली की ते तुटणार. तेव्हा लगेच ऑपरेशन झालं, तर अशी मुलं जगतात."

"नाही झालं तं? निळं पडते?"

"हो."

गंगी परत स्टुलावर बसली. "हिच्या पयल्यानं चांगला टाहो फोडलता. मीच नाळ कापली. दिवस बुडेस्तोवर निळं होऊन गेलं."

"त्यालाही हेच होतं, असं आज सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "पण असू शकतं."



"नागपूरचा कागद लिहा, बाई," गंगी म्हणाली.

संगीता पुन्हा आडवी होऊन छताकडे बघत होती. "म्हणजे मी ग्रहणात भाजी चिरली, म्हणून नाही गेलं ते?"

दोन वर्षं सगळा तांडा तेच म्हणत होता. सगळ्यांत आधी म्हणाली होती गंगी. तिला आता मान वर करवेना. पदर घेऊन ती सुनेच्या पोटावरची जेली पुसू लागली. पोट कोरडं झालं, तरी पुसतच राहिली.