अख्खी डिस्क

तीन आठवडे माहितीपत्रकं वाचून, पेन्सिलीने खुणा करून मी ठरवलं होतं, भारीतला सीडी प्लेअर घ्यायचा तर नवाच. दुकानात मात्र त्याच तोलाचा जुनाही निघाला आणि मन डळमळलं. दुकानदाराने दोन्हींवर एकच डिस्क लावली. मला काडीचाही फरक कळला नाही, पण तसं सांगायची लाज वाटली. “काका, डोळे झाकून नवा न्या. दहा वर्षं तुमच्याकडे कुणाला फिरकावं लागणार नाही.” आमची बेल बिघडली नाही ना, हे हल्ली मीच बाहेर जाऊन दाबून बघतो. “आणि जुना?” “म्हाताऱ्याचं दुखणं ते. दर महिन्याला लेन्स पुसायला मलाच घरी यावं लागेल. शिवाय नुसतं पुसून भागत नाही, अख्खी डिस्क बसून ऐकावी लागते.” “अख्खी?” “तासभर जातो.” मी घाईघाईने जुन्यावर हात ठेवला. “तुम्ही चहात साखर किती घेता?”