गोजाबाईंचा समुद्र

होडीत पाय टाकताना रुक्मिणीबाईंनी आपलं नाव गोजाबाई असं सांगितलं.

"गोजाबाई, मधोमध बसा. कडा धरू नका," दुर्गा म्हणाली.

होडी कसली, एका खोडात कोरलेलं लांबट पन्हाळंच ते. दोन माणसांत भरली. त्यांचे यजमान उद्धवराव मोठ्या नावेतून दुर्गाच्या वडिलांबरोबर, आबाजींबरोबर, पलीकडच्या वाळूच्या पुळणीवर पुढे गेले होते.

"कुठून आलात म्हणालात?" दुर्गानं वल्हं मारत विचारलं.

"चाकणकडून. कांद्याची शेती आहे आमची. समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हटलं एकदा बघून घ्यावा."

समुद्र पाहिला नव्हता, एवढंच खरं. रुक्मिणीबाई चाकणच्या कांद्यात वाढल्या होत्या, पण गेली वीस वर्षं दापोडीला रेल्वेलाइनीलगतच्या चाळीत राहत होत्या. धाकटा मुलगा ज्योतीराम पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नुकताच लागला होता, आणि त्याच्यासाठी मध्यस्थ बबनरावांनी याच दुर्गाचं स्थळ सुचवलं होतं.

थोरली सून रीतसर पाहून आणली होती. पाटावर खाली मान घालून बसली, विचारलं तेवढंच बोलली. दोन वर्षांत चूल वेगळी झाली. या खेपेला रुक्मिणीबाईंनी बबनरावांना गप्प बसवलं, नवऱ्याला रजा काढायला लावली आणि तीन एसट्या बदलून त्या श्रीवर्धनच्या अलीकडे खाडीकाठी येऊन उतरल्या. आबाजींच्या घरी परगावच्या माणसांची राहण्याजेवणाची सोय होत असे. पाहुणी म्हणून राहायचं, मुलगी पारखायची, आणि मगच निरोप धाडायचा, असा बेत होता.

"पहाटे कारखान्याचा भोंगा होतो ना तुमच्याकडे? झोपमोड होत असेल," दुर्गा म्हणाली.

"साडेपाचचा. आता सवय झालीय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांची नजर लाटांवर होती.

पुळण वीस हातांवर आली आणि होडी एकदम एका अंगाला कलली. रुक्मिणीबाई पाण्यात गेल्या. नाकातोंडात खारट पाणी शिरलं. पुळणीवरून उद्धवराव ओरडत पळत आले.

पाय टेकले तेव्हा पाणी कमरेइतकंच निघालं. दुर्गा होडी धरून शेजारी उभी होती. तिची नजर त्यांच्या तोंडावरून हलत नव्हती.

"चूक झाली माझी," ती म्हणाली.

रागाचा शब्द रुक्मिणीबाईंच्या जिभेवर आलाच होता. तेवढ्यात त्यांना आपला पदर पाण्यावर तरंगताना दिसला, आणि पुढे टोपी सांभाळत, धोतर वर धरून, घोट्याएवढ्या पाण्यात अडलेला नवरा दिसला. त्यांना हसू फुटलं. इतकं की ठसका लागला.

"चूक कसली? त्याशिवाय मी कधी समुद्रात उतरले असते?" त्यांनी कासोटा घट्ट खोवला. "आण ते वल्हं माझ्याकडे."

"अगं, वय काय तुझं!" उद्धवराव म्हणाले.

"अठ्ठेचाळीस. तुम्ही काठानं चालत या."

आधी होडी जागच्या जागी गोल फिरली. मग तिरकी गेली. दुर्गा पुढे तोंड करून बसली होती आणि मान न वळवता सांगत होती, "डावीकडे कमी... आता लाटेला नाक द्या... घाबरू नका." ऊन माथ्यावर येईतो रुक्मिणीबाई खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आल्या. हातांना फोड आले होते. पुळणीवर उतरल्या तेव्हा उद्धवरावांनी आपणहून शहाळं फोडून त्यांच्या हातात दिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. असं पहिल्यांदाच घडत होतं.

घरी परतल्यावर कोरडं लुगडं नेसून त्या जेवायला बसल्या. तांदळाची भाकरी, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचं कालवण, सोलकढी. कालवण असं होतं की त्यांनी दोनदा मागून घेतलं. तरी परीक्षा ती परीक्षा.

"मीठ कमी पडलंय जरा," त्या म्हणाल्या.

दुर्गानं बोट बुडवून चाखलं. "मला तर बरोबर लागतंय. तुम्हाला हवं तर वरून घ्या." तिनं मीठ पुढे सरकवलं. मान खाली घातली नाही की तोंडही वाकडं केलं नाही.

रुक्मिणीबाई मनातून खूश झाल्या.

वाढायला दुर्गाची थोरली बहीण शालन होती. ती फारशी बोलत नव्हती. कालवण वाढताना वाडगं तिच्या हातून निसटून रुक्मिणीबाईंच्या मांडीवर कलंडलं. शालननं चटकन कोपर उचलून तोंड झाकलं. मार चुकवताना झाकतात तसं.

आबाजींचा घास हातातच राहिला.

रुक्मिणीबाईंनी शालनचा हात धरून हळूच खाली घेतला. "लुगडं धुता येतं, बाळा. तुझा हात बघू. भाजला तर नाही ना?" मग विचारलं, "जेवलीस का? मग बस इथं. माझ्याबरोबर जेव." आणि आपल्या हातानं तिचं ताट मांडलं.

"सासरी असते का ही?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"होती," आबाजी म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी शालनच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. शालननं दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुर्गा दारातून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी परतताना एसटीत रुक्मिणीबाईंचं तोंड थांबत नव्हतं. "होडी कलंडली तरी रडली नाही, सबबी सांगितल्या नाहीत. उगाच मीठ कमी म्हटलं तरी खरं तेच बोलली. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. आणि बघा, पोरीला पत्तासुद्धा लागला नाही!"

"धन्य तुमची, गोजाबाई," उद्धवराव म्हणाले.

दापोडीला पोचताच बबनरावांकडून रीतसर निरोप गेला. आपण तिकडे जाऊन आल्याचा त्यात उल्लेख नव्हता.

आठव्या दिवशी कार्ड आलं. रुक्मिणीबाईंनी ते देवापुढे ठेवलं. ज्योतीराम शिफ्ट संपवून आल्यावर त्याच्या हातात दिलं आणि पदर सावरून समोर बसल्या. मुलगी बघायला कधी येता, एवढंच त्यात असणार होतं.

ज्योतीराम मोठ्यानं वाचू लागला, "सौभाग्यवती रुक्मिणीबाई यांस आबाजींचा नमस्कार. आपला निरोप पोचला. दुर्गाशी बोललो. तिला सासू पसंत आहे. आता मुलगा दाखवायला कधी आणता, ते कळवावं."