मुका गडी

नवरा स्टुलावर उभा राहून दाराच्या चौकटीवर क्लिपा ठोकत होता. ती शिवायला आणलेल्या कपड्यांची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उंबऱ्यात थांबली. पडद्याची दांडी निखळली तरी सुताराला फोन लावणारा हा माणूस. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, पण घरातला गळका नळ कधी स्वतः आवळला नाही.

"हे काय चाललंय?"

"वायर टाकतोय. इंटरनेटची. इथून मागच्या खोलीत, कॉम्प्युटरपर्यंत."

"बिनवायरचं चालतंय की."

"भिंती आड येतात. मधेच तुटतं."

"काय तुटतं?"

"खेळ," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

तिनं पिशवी खाली ठेवली. गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. संध्याकाळ झाली की मागच्या खोलीचं दार लावायचं, हेडफोन चढवायचे, आणि तोंडातून चकार शब्द नाही. चहा घेऊन गेलं की स्क्रीन काळी. परवा तर बाहेर आला तो गालातल्या गालात हसत, आणि डोळे मात्र लाल. स्क्रीनकडे बघून डोळे लाल होतील एक वेळ, पण हसू? ती त्याला चांगली ओळखून होती. एकटा असताना हा माणूस हसत नाही. पलीकडे कुणीतरी होतं.

वायर भिंतीच्या कडेनं, दारावरून, भिंतीला पाडलेल्या भोकातून मागच्या खोलीत पोचली. आता तिच्या टोकाला पिन बसवायची होती. आतल्या बारीक रंगीत तारा ओळीनं धरायच्या आणि एकदम पिनेत सारायच्या. एक तार नीट बसली की दुसरी निसटायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, कपाळाला घाम आला. तिला बघवेना.

"द्या इकडे."

सुईत दोरा ओवणारी बोटं ती. तो पाकिटाच्या मागचं वाचून रंग सांगू लागला, ती तारा सरळ करून धरू लागली.

"पांढरी-नारंगी. नारंगी. पांढरी-हिरवी."

"कोण आहे ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी घराला भोकं पाडताय ती."

"आता निळी."

"विषय बदलू नका."

"बाईबिई कुणी नाही गं."

"मग बोलत का नाही? हा खेळ खेळणारे घर डोक्यावर घेतात. आपल्याच घरात होता की एक. तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसता. कुणाला आवाज कळू द्यायचा नाहीये?"

त्यानं पिनेवर पक्कड दाबली, ती खट्कन बसली, तरी तो मान वर करेना.

"आज मी शेजारी बसणार," ती म्हणाली.

त्यानं मग वायर कॉम्प्युटरला लावली, हिरवा दिवा लुकलुकायला लागला, आणि त्यानं दुसरी खुर्ची ओढून जवळ घेतली. "बस. माइक बंद आहे, तरी मोठ्यानं बोलू नकोस." आणि हेडफोन आपल्या हातानं तिच्या डोक्यावर चढवले.

स्क्रीनवर धुकं होतं, एक लाकडी पूल होता, आणि पुलाशी चार शिपाई. कानात आधी खरखर झाली. मग कुणीतरी हसलं.

"आला आमचा मुका गडी. काका, वायर टाकलीत का?"

तिनं तोंडावर हात धरला. तिचा मुलगा होता तो. भर सामन्यात बापानं कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली, त्या दिवशी घर सोडून गेलेला. आईचा फोन दोन वाक्यांत संपवायचा, बापाचा उचलायचाच नाही. त्याचं हसणं तर ती विसरतच चालली होती.

"त्याला माहीत नाही मी कोण ते," नवरा कुजबुजला. "त्याचं खेळातलं जुनं नाव शोधून टीममध्ये शिरलो. माझं नाव नाही, गाव नाही. नुसतं हो, नाही, आलो, एवढंच टाइप करतो. आवाज ऐकला तर जाईल निघून. वायर टाकायलाही त्यानंच सांगितलं. नाहीतर टीममधून काढावं लागेल म्हणाला."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"काय म्हणतोय तो आता?" तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "सांग ना. खेळ सुरू झाला."

"डावीकडे बघा म्हणतोय. झाडामागे."

त्यानं डावीकडे वळून गोळी झाडली. मग ती सांगत गेली आणि तो करत गेला. मागे या म्हणतोय. थांबा म्हणतोय. आता पळा, पळा म्हणतोय. तिचाच श्वास वर झाला. पूल शाबूत राहिला.

"वा, काका," कानातला आवाज म्हणाला. "आज एकदाही अडकला नाहीत. स्वतः टाकलीत वायर?"

त्यानं विचारलेलं तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं एका बोटानं टाइप केलं, हो.

एकेक करून बाकीचे गडी निघून गेले होते. मग तोच आवाज आला, जरा खालच्या पट्टीत.

"बरं, उठा आता. जास्त वेळ बसलात की डावा गुडघा धरतो तुमचा."

ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"काय म्हणाला?" नवऱ्यानं विचारलं. "काही चुकलं का माझं?"

"नाही," ती म्हणाली. "उद्या या म्हणाला."

त्याचा चेहरा खुलला. तो टेबलाला धरून उठला, आणि डावा पाय सरळ होईपर्यंत तसाच, हसत उभा राहिला.