समासाबाहेरची ओळ

प्रबंध जमा करायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. ती हुकली की पुढची संधी थेट सहा महिन्यांनी. आणि कार्यालयातले कारकून काका पान एकशे बारावर फूटपट्टी ठेवून बसले होते.

"ताई, ही ओळ समासाबाहेर गेलीये. प्रबंध घेता येणार नाही."

"अहो काका, समीकरण आहे ते! कापू कसं?"

"कापू नका. आत घ्या."

बाहेरच्या बाकावर तिने लॅपटॉप उघडला. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीत जुळवणीची खूण पेरून तिने अकराही ओळींतली बरोबरची चिन्हे ओळंबा लावल्यासारखी एकाखाली एक बसवली होती. सातवी ओळ तेवढी बोटभर बाहेर डोकावत होती. ती मोडावी तर सारी रांग विस्कटेल, आणि अक्षरे बारीक करावीत तर काका भिंग काढतील. निदान एखादे पद गाळता येते का, हे पाहायला तिने पेन्सिल घेतली, आणि बघता बघता दोन लांबलचक पदे अधिक-उणे होऊन चक्क उडून गेली. त्यांच्यामागोमाग खालच्या ओळींचीही गरज संपली. मार्गदर्शक सरांच्याही नजरेतून सुटलेली ही गोष्ट तिने तीनदा पडताळली. अकरा ओळींची सिद्धता चार ओळींत आली होती.

पाचला दहा कमी असताना काकांनी तिने छापून आणलेले नवे पान मोजले, शिक्का मारला, अर्जावरची नोंदणीची तारीख वाचली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.



"एवढंसंच होतं, तर पाच वर्षं करत काय होतात, ताई?"