हमखास हशा

अश्वजित जादू करता करता लोकांना हसवायचा आणि पुण्यात त्याचे कार्यक्रम जोरात चालत. रुमालाखालचं अंडं गायब झालं, की तो आपल्या मायचा आवाज काढायचा, "काहून रे बाबू, अंडं कुठी गेलं? मले दिसून नाई राह्यलं!" एवढ्यावर लोक पोट धरून हसायचे. हा त्याचा हुकमी विनोद.

परवा पहिल्यांदाच त्याच्या वऱ्हाडातल्या गावी, वाशीमला कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत नवं पातळ नेसून माय, केशरबाई. अंडं गायब झालं, टाळ्या पडल्या. मग त्यानं मायचा आवाज काढला, तर सभागृह चिडीचूप. कोणी हसेचना. उलट मागून एक आजोबा मोठ्या काळजीनं ओरडले, "अबे, तुह्या बाहीत पाह्य ना!"

कार्यक्रम संपल्यावर अश्वजित तोंड पाडून पेटी भरत होता. केशरबाईनं जवळ येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कायले नाराज होतं बाबू? जादू मस्त झाली. आन् बोलला बी अगदी माह्यासारखंच, कुठी चुकला नाई."

मग तिनं भाबडेपणानं विचारलं,



"मंग पुन्याचे लोकं हासतात कोनाले?"